हिरडीच्या आत मोडलेला पुढचा दात

पुढच्या दाताचा टवका उडाला आणि तुटलेली कड हिरडीबाहेर असली, तर काम सोपं. तुकडा सापडला तर पाण्यात ठेवून आणावा. बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो. पंचाईत होते ती तडा तिरका जाऊन हिरडीच्या आत, हाडाच्या काठाजवळ पोचला की.

हाडाच्या काठावर हिरडी दाताला धरून राहायला साधारण 2 मिमी जागा लागते. कॅपची कड तिथे घुसली तर हिरडी कायम सुजलेली राहते, ब्रश लागताच रक्त येतं. त्याच्या पुढे 1.5 ते 2 मिमी निरोगी दात हवा, म्हणजे कॅप त्याला कड्यासारखी आवळून धरते. हा पट्टा नसेल तर चावण्याचा सगळा ताण पोस्टवर, म्हणजे कॅपला आधार द्यायला मुळाच्या आत बसवलेल्या काडीवर जातो. पोस्ट निसटतो किंवा मूळ उभं चिरतं, आणि मग ते काढावंच लागतं. एकूण हिशेब सुमारे 4 मिमीचा. हाड कापून तेवढी जागा करता येते, पण त्या एकाच दाताची हिरडी सरकलेली हसताना लगेच दिसते. म्हणून मूळच ओढून बाहेर आणायचं. दात ओढायचा, पण काढण्यासाठी नव्हे!

आधी रूट कॅनाल. मग मुळात तात्पुरता हूक बसवतात, शेजारच्या दातांवर जाड वायर चिकटवतात आणि दोन्हींमध्ये इलॅस्टिक ताणतात. जोर अगदी हलका, आठवड्याला साधारण 1 मिमी. मात्र मूळ हळू सरकलं की हाड आणि हिरडीही त्याच्यामागे येतात, म्हणजे मेहनत पाण्यात. ते टाळायला दर एक-दोन आठवड्यांनी हिरडीचे तंतू भूल देऊन कापतात. नाहीतर शेवटी छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.

दात जागेवर आला तरी कॅपची घाई नको. ताणलेले तंतू त्याला परत आत खेचतात, म्हणून काही आठवडे तो बांधून ठेवतात. नंतर फायबर पोस्ट, कंपोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरणाचा) गाभा आणि कॅप. मूळ टोकाकडे निमुळतं असल्याने बाहेर आलेला भाग बारीक असतो, त्यामुळे कॅपला नैसर्गिक आकार देणं हे लॅबचं कौशल्य.

मूळ आखूड असेल तर हा मार्ग नाही: हाडात उरणारी लांबी निदान कॅपच्या लांबीइतकी हवी. मूळ हाडाला जखडलेलं असेल तर ते जागचं हलत नाही, उलट शेजारचे दातच त्याच्याकडे ओढले जातात. तसं दिसताच इलॅस्टिक काढावं.