उंबरठा आणि कडी: टॅबू रोमान्स वेगळा, डार्क रोमान्स वेगळा

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. “मावशी, जागी आहेस ना? हा हिरो आहे की व्हिलन, तेवढं सांग. मग मी झोपते.”

पुस्तक तिनं माटुंग्याहून आणलं होतं. महेश्वरी उद्यानाच्या कडेनं पुस्तकं मांडून बसतात, तिथून. त्याआधी तिनं एक कादंबरी वाचली होती, पंचविशीतली मुलगी मैत्रिणीच्या घटस्फोटित वडिलांच्या प्रेमात पडते अशी. ती तिला फार आवडली. म्हणून विक्रेत्याला म्हणाली, “असंच काहीतरी टॅबू द्या.” त्यानं काळ्या मुखपृष्ठाचं, गुलाब आणि सुरा असलेलं एक पुस्तक हातात ठेवलं. चाळिसाव्या पानावर नायिका एका खोलीत कोंडलेली होती, किल्ली नायकाच्या खिशात होती आणि भाचीचा घसा कोरडा पडला होता.

विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही, सगळेच ‘टॅबू’ आणि ‘डार्क’ हे दोन शब्द एका दमात म्हणतात. हे साहित्य आपल्याकडे पोचलं ते मुख्यतः इन्स्टाग्रामच्या रील्समधून, कारण टिकटॉकवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. तीस सेकंदांच्या रीलमध्ये ‘डार्क टॅबू रोमान्स’ असा एकच शिक्का मारून माणसं मोकळी होतात. मुखपृष्ठंही सारखीच दिसतात. पण दोन्हींत अस्वस्थ करणारी गोष्ट अगदी वेगळी आहे. हे आधी कळलं नाही, तर वाचणाऱ्याला नको त्या रात्री नको ते पुस्तक भेटतं.

टॅबू रोमान्समध्ये नातं निषिद्ध असतं. डार्क रोमान्समध्ये वागणं भयंकर असतं.

टॅबू म्हणजे प्राध्यापक आणि त्याची सज्ञान विद्यार्थिनी, धर्मगुरू आणि भक्त, वयात वीस वर्षांचं अंतर असलेले दोघं, आईवडिलांच्या दुसऱ्या लग्नामुळे एका घरात आलेले, रक्ताचं नातं नसलेले सावत्र बहीणभाऊ. या गोष्टींत नायक अतिशय सभ्य, हळवा, तिच्या शब्दाला जपणारा असू शकतो. पुष्कळदा असतोच. अडचण एवढीच की तो ‘तो’ आहे. उंबरठा दोघं मिळून ओलांडतात आणि बाहेर चार लोक उभे असतात.

डार्कमध्ये नातं कुणाच्याही भुवया उंचावणार नाही असं असू शकतं. दोघं अविवाहित, समवयस्क, अनोळखी. पण तो तिचा पाठलाग करतो, तिला पळवतो, कर्जाच्या बदल्यात लग्नाला उभं करतो, तिची संमती गृहीत धरतो किंवा धुडकावतो. इथे दाराला बाहेरून कडी असते आणि ती लावणारा त्या दोघांपैकीच एक असतो.

भाचीला मी फोनवर एक साधी परीक्षा सांगितली. गोष्टीतल्या दोघांना उचलून एका ओसाड बेटावर नेऊन ठेव. तिसरं माणूस नाही, नातेवाईक नाहीत, कॉलेज नाही, चर्च नाही. आता गोष्टीतलं संकट संपलं का? संपलं असेल तर तो टॅबू रोमान्स, कारण अडवणारे सगळे किनाऱ्यावर राहिले. संकट उलट वाढलं असेल, तिला पळून जायला आता जागाच उरली नसेल, तर तो डार्क. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “बाप रे, या बेटावर मी तिला एकटीला सोडणार नाही.” तिचं उत्तर तिलाच मिळालं होतं.

दोन्ही एकत्र असलेली पुस्तकंही असतात. पालक म्हणून नेमलेल्या माणसानंच नायिकेला डांबून ठेवलं, तर बेटावर निम्मं संकट सुटतं आणि निम्मं राहतं. अशा पुस्तकांना दोन्ही नावं लावणं रास्त आहे.

आपल्या कायद्याच्या बाजूनं पाहिलं तरी रेघ बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंड संहितेत २०१३ साली आला, कलम ३५४ड. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे. अपहरण, डांबून ठेवणं, जबरदस्ती हे तर गुन्हे आहेतच. म्हणजे डार्क रोमान्सचा नायक पुस्तकाबाहेर आला तर सरळ पोलीस ठाण्यात बसेल. टॅबूचं तसं नाही. विवाहबाह्य संबंध गुन्हा ठरवणारं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. कायदा बाजूला झाला, पण सोसायटीच्या जिन्यातली कुजबुज काही थांबली नाही. टॅबू त्या कुजबुजीतच राहतो. (अठरा वर्षांखालच्या मुलीची गोष्ट मात्र यात कुठेच बसत नाही. तिथे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि मी त्याला रोमान्स म्हणणार नाही.)

म्हणूनच टॅबू गावागणिक बदलतो. इंग्रजी टॅबू रोमान्सच्या याद्यांत चुलत-मामे-आते भावंडांचं प्रेम सर्रास सापडतं. आपल्याकडे कित्येक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात, आणि रूढी असेल तिथे १९५५ चा हिंदू विवाह कायदाही अशा लग्नाला आडवा येत नाही. माझ्या आजोळी हे वाचून कुणी पान उलटतानाही थबकणार नाही. उलट सगोत्र लग्न घ्या. त्यावरची कायदेशीर आडकाठी १९४६ सालीच निघाली, तरी आजही पत्रिका जुळवताना ‘गोत्र एकच आहे’ एवढं एक वाक्य ठरत आलेलं लग्न मोडू शकतं. परदेशी वाचकाला यात निषिद्ध काय, हेच समजणार नाही. जातीबाहेरच्या प्रेमाचं तर बोलायलाच नको. मराठीत कुणी ताकदीनं टॅबू रोमान्स लिहायला घेतला, तर त्याला सावत्र भाऊ आयात करायची गरज नाही.

आणि अशा गोष्टीत घरच्यांनी हिंसा केली, तर कथा काळीकुट्ट होते, पण डार्क रोमान्स होत नाही. हिंसा बाहेरून आलेली असते. ती दोघं अजून भिंतीच्या एकाच बाजूला असतात.

डार्कमधली कोंडलेली खोली मात्र कुठेही नेली तरी कोंडलेलीच राहते. ही गोष्ट नवीही नाही. १७४० सालच्या ‘पामेला’ या इंग्रजी कादंबरीत मालक आपल्या मोलकरणीला दूरच्या वाड्यात डांबून ठेवतो आणि शेवटी तिच्याशीच लग्न करतो. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ आली. तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो, आणि तरी ती प्रेमकथा म्हणून वाचली गेली. त्याच १९७२ मध्ये आपल्याकडे विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक रंगभूमीवर आलं, सेन्सॉरनं अडवलं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी मुंबई उच्च न्यायालयात लढून ते सोडवलं. दोन्हीकडे घरात एक दांडगा पुरुष आणि त्याच्या धाकातली बाई आहे. पण तेंडुलकर प्रेक्षकाला कसलंही वचन देत नाहीत. रोमान्स देतो: वाटेत काहीही होवो, शेवट दोघांच्या बाजूचा असेल. डार्क रोमान्स त्याच वचनावर उभा आहे, आणि त्याची खरी अस्वस्थताही तिथेच आहे. शेवट गोड होणार हे माहीत असल्यामुळे आपण त्या माणसाला माफ करण्याची कारणं शोधायला लागतो. टॅबू वाचताना आपण समाजाशी भांडतो. डार्क वाचताना भांडण स्वतःशी होतं.

इथे आणखी एक घोळ असतो तो चावटपणाचा. किती उघडं लिहिलंय यावर पुस्तक डार्कही ठरत नाही आणि टॅबूही. आपल्या न्यायालयांत वाद झाले ते बहुतेक या मापावर. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही खानदानी विवाहित बाई आणि वनरक्षक यांची गोष्ट, म्हणजे पुरती टॅबू आणि जराही डार्क नव्हे. ती विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला वीस रुपये दंड झाला आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘शामा’ला मात्र त्याच न्यायालयानं १९६९ मध्ये अश्लीलतेच्या आरोपातून मोकळं केलं.

मी स्वतः दोन्ही वाचते. डार्क पुस्तकांबद्दल माझा एक आग्रह आहे: नायिकेचा नकार कथेनं लक्षात ठेवला पाहिजे. पाचव्या प्रकरणात ती ‘नको’ म्हणाली असेल, तर त्याचा हिशेब शेवटच्या प्रकरणापर्यंत कुठेतरी व्हावा. चांगल्या लेखिका तो चुकता करतात. नायकाला काही गमवावं लागतं, किल्ली कधीतरी तिच्या हातात येते. वाईट पुस्तकं तो नकार विसरतात आणि वाचकालाही विसरायला लावतात. तरीही मला जास्त भीती वाटते ती स्वतःला डार्क न म्हणवणाऱ्या गोष्टींची. नायक नायिकेच्या मागे मागे फिरतो, ती नाही म्हणते, तो गाणं म्हणतो आणि सगळं घर एकत्र बसून ते बघतं. डार्क निदान दारावर पाटी लावतं.

ती पाटी म्हणजे पहिल्या पानांतली ट्रिगर वॉर्निंग, आत काय त्रासदायक आहे त्याची इशाऱ्याची यादी. तिच्यात स्टॉकिंग, किडनॅपिंग, डबकॉन म्हणजे संमती संदिग्ध, नॉनकॉन म्हणजे संमती नाहीच, असे शब्द दिसले की पुस्तक डार्क समजावं. एज गॅप, प्रोफेसर, प्रीस्ट, स्टेप, फॉरबिडन एवढंच असेल तर टॅबू. नुसता ‘मोरली ग्रे’ नायक असेल तर घाबरू नका, तो बहुतेकदा बाहेरच्यांशी वाईट आणि तिच्याशी बरा असतो.

रविवारी भाची ते पुस्तक घेऊन घरी आली. पातळ कागद, वाकड्या कापलेल्या कडा, उघडच पायरेटेड प्रत. आम्ही दोघींनी पहिली पानं शोधली. नाव, अनुक्रमणिका आणि लगेच पहिलं प्रकरण. इशाऱ्याचं पान छापलेलंच नव्हतं. मग तिनं लेखिकेच्या वेबसाइटवरून ती यादी काढली आणि मी आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं उतरवली, अकरा ओळी झाल्या. यादी वाचून ती म्हणाली, “सहावी ओळ नको मला.” पुस्तक माझ्या कपाटात ठेवलं आणि माझ्याकडची प्राध्यापकाची कादंबरी घेऊन ती दादरला गाडी पकडायला गेली.