हलके काडतूस: स्टील चॅलेंजच्या पिस्तुलाचा धक्का कुठवर कमी करता येतो

अमेरिकेतल्या ‘स्टील चॅलेंज’ स्पर्धेत पाटी पाडायची नसते, फक्त वाजवायची असते. १९८१ साली दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या खेळात आठ ठरावीक मांडण्या आहेत आणि प्रत्येकीत पाच पोलादी पाट्या. काही पाट्या २५ किंवा ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोल, काही ४६ बाय ६१ सेंटीमीटरच्या चौकोनी. अंतर साधारण ६ ते ३२ मीटर. पाचही पाट्यांवर गोळी लागायला लागलेला वेळ हाच गुण; एखादी पाटी चुकली की तीन सेकंदांचा दंड.

यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या इतर सामन्यांत गोळी किमान अमुक जोराची हवी अशी अट असते. तो जोर ‘पॉवर फॅक्टर’ने मोजतात: गोळीचे वजन ग्रेनमध्ये (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले १०००. तिथे खालची मर्यादा १२५ आहे. स्टील चॅलेंजमध्ये अशी मर्यादा नाही. म्हणून तिथले नेमबाज स्वतः काडतुसे भरून धक्का कमी करत नेतात. भारतात काडतुसे बनवायला शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळतही नाही. पुढचे सगळे तिकडच्या नेमबाजांच्या कामाचे वर्णन आहे.

दुकानातल्या ९ मिलिमीटर काडतुसात बहुधा ११५ ग्रेनची, म्हणजे ७.४५ ग्रॅमची गोळी असते. ती सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघाली तर तिचा संवेग २.६१ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तीच गोळी २७४ मीटरने सोडली तर संवेग २.०४. म्हणजे घट २२ टक्क्यांची. पण १.१ किलोच्या पिस्तुलाला मिळणारी उलटी ऊर्जा ३.१ जूलवरून १.९ जूलवर येते, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के कमी, कारण ऊर्जा संवेगाच्या वर्गाने बदलते. वेग थोडासा उतरवला तरी हाताला फरक एवढा मोठा का जाणवतो, ते इथे कळते. (पावडरच्या वायूचाही धक्क्यात वाटा असतो, पण पिस्तुलात तो पाच-सहा टक्केच.)

मग वेग आणखी का उतरवू नये? कारण या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, त्याच धक्क्यावर चालते. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, हॅमर ताणते, स्प्रिंग दाबते आणि पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस उचलते. स्लाइड आणि बॅरल मिळून सुमारे अर्धा किलो धरले तर पूर्ण जोराच्या काडतुसातून त्यांना अंदाजे ६.८ जूल मिळतात, हलक्यातून ४.२. सगळी कामे याच ४.२ जूलमध्ये उरकायची असतात. म्हणून हलके काडतूस आणि हलकी रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी) ही जोडी आहे. एक बदलून दुसरी तशीच ठेवली की पिस्तूल अडणारच.

पावडरचे नेमके वजन इथे देत नाही, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून घेऊही नये. पावडर कंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक गोळीसाठी सुरुवातीचे आणि कमाल वजन दिलेले असते. हलक्या भरणीसाठी लवकर जळणारी पावडर निवडायची आणि सुरुवातीच्या आकड्यापासून ०.१ ते ०.२ ग्रेनच्या पायऱ्यांनी वर जायचे. त्या आकड्याच्या खाली उतरू नये. दाब कमी पडला तर पावडर पुरती जळत नाही, बॅरलमध्ये पिवळट कण राहतात आणि प्रत्येक गोळीचा वेग वेगळा येतो. त्याहून वाईट म्हणजे गोळी बॅरलमध्येच अडकते. आवाज ‘फुस्स’ झाला, स्लाइड नीट हलली नाही, की तिथेच थांबायचे. मॅगझिन काढायचे, चेंबर (बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामे करायचे आणि बॅरलमधून सळई घालून ती मोकळी आहे का ते पाहायचे. अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली तर बॅरल फुगते किंवा फाटते.

दुसरा धोका नेमका उलटा आहे. दाट पावडरचे तीन-चार ग्रेन पुंगळीचा निम्मा भागही भरत नाहीत. चुकून दोनदा पावडर पडली तरी ती बाहेर सांडत नाही आणि नजरेतून सुटते. म्हणून प्रेसवर (काडतुसे भरायच्या यंत्रावर) दिवा लावून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहणे हा नियमच हवा. जास्त जागा व्यापणारी, फुलकट पावडर इथे जास्त सुरक्षित, कारण दुप्पट पडली की काठोकाठ दिसते.

अर्ध्या रिकाम्या पुंगळीत पावडर पुढे सरकलेली असेल की तळाच्या प्रायमरला (पावडर पेटवणाऱ्या टोपीला) चिकटलेली, यावरही वेग बदलतो. हे तपासायला सोपी रीत आहे. पाच काडतुसे झाडण्याआधी पिस्तुलाचे तोंड वर करून मग सावकाश निशाण्यावर आणायचे, पुढच्या पाचांना तोंड जमिनीकडे करून. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही गटांच्या सरासरीत मोठा फरक दिसला तर पावडर बदलावी. तोंड वर-खाली करताना ते रेंजच्या सुरक्षित दिशेतच राहिले पाहिजे.

गोळीच्या बाबतीत बरेच जण कोटिंग केलेल्या शिशाच्या गोळ्या वापरतात. त्या स्वस्त असतात आणि तेवढ्याच पावडरवर जॅकेटवाल्या (तांब्याचे आवरण असलेल्या) गोळीपेक्षा थोड्या वेगाने जातात. पण पुंगळीचे तोंड पुरेसे रुंदावले नाही किंवा शेवटी जास्त आवळले तर कोटिंग कापले जाते. मग शिसे बॅरलला चिकटते आणि गोळी कलंडत जाते. आवळल्यावर तोंडाचा व्यास ९.६० ते ९.६५ मिलिमीटर असावा. एखादे काडतूस उकलून गोळी काढावी. कोटिंगवर फिकट वळ चालतो, पण कापलेली कड दिसली तर तोंड आवळणारी डाय (साचा) सैल करावी. काडतुसाची एकूण लांबी २९.६९ मिलिमीटरच्या वर जाऊ नये. पण गोळी आत जास्त दाबली तर मोकळी जागा घटते आणि दाब चढतो, म्हणून पुस्तिकेतल्या लांबीहून आखूडही करू नये. बॅरल काढून त्यात काडतूस सोडावे. ते टपकन बसायला हवे, बोटाने फिरायला हवे आणि बॅरल उलटी केली की आपोआप पडायला हवे.

आता स्प्रिंग. मूळ स्प्रिंगपासून एकेक पौंडाने खाली यायचे आणि प्रत्येक पायरीवर पुंगळी कुठे पडते ते पाहायचे. ती दीड-दोन मीटरवर पडली तर ठीक. पायाशी पडू लागली किंवा स्लाइडमध्ये उभी अडकली तर स्प्रिंग अजून जड आहे किंवा भरणी फारच हलकी आहे. स्प्रिंग फार हलकी झाली तर स्लाइड फ्रेमवर आदळते आणि पुढे येताना काडतूस चेंबरमध्ये पुरते ढकलत नाही. पिस्तूल मळले की हा दोष आधी उघडा पडतो. डॉट साइट (निशाण्यावर उजळ ठिपका दाखवणारी काच) लावलेली असेल तर तिच्यातूनही कळते. धक्क्यानंतर ठिपका वर जाऊन जागेवर यावा. तो पाटीच्या खाली बुडून वर येत असेल तर स्प्रिंग जड आहे.

जुळणी दोन टोकांना तपासावी. पूर्ण भरलेल्या मॅगझिनमधले वरचे काडतूस स्लाइडला घट्ट दाबून धरते, त्यामुळे पहिल्या गोळीला घर्षण सर्वाधिक. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकून राहिली पाहिजे, आणि त्यासाठी तिला पूर्ण मागे जावे लागते. या दोन्ही गोष्टी डाव्या हाताने (डावखुऱ्याने उजव्या) आणि मुद्दाम सैल पकडीने करून पाहाव्यात, कारण सैल मनगट धक्क्यातला काही भाग खाऊन टाकते. थंडीत काही पावडरींचा वेग घटतो. म्हणून जेमतेम चालणाऱ्या भरणीपेक्षा वेग पाचेक टक्के वर ठेवलेला बरा. पॉवर फॅक्टर १०० वर पिस्तूल चालत असेल तर सामन्यासाठी १०५ घ्यावा. अडलेली स्लाइड मोकळी करायला लागणारा वेळ मऊ धक्क्याने कधीच भरून निघत नाही.

संथ गोळी पाटीवर खाली लागेल ही भीती मात्र फारशी खरी नाही. ३२ मीटरवर ३५० आणि २७४ मीटर वेगांच्या गोळ्यांच्या घसरणीत फरक तीनेक सेंटीमीटरचाच पडतो, आणि पाटी किमान २५ सेंटीमीटरची असते. साइट एकदा जुळवली की काम झाले. पावडरचा किंवा प्रायमरचा लॉट बदलला की मात्र दहा काडतुसे पुन्हा क्रोनोग्राफवरून घ्यावीत, आणि डब्यावर गोळी, पावडर, वजन, लांबी, लॉट आणि स्प्रिंगचा आकडा लिहावा.