कमवा आणि शिका : आयटीआयच्या आधीचं सातारा

गरीब घरच्या पोरांच्या हाताला कौशल्य देण्याची गोष्ट हल्ली २०१५ च्या ‘स्किल इंडिया’पासून सांगतात. साताऱ्यात ती बरीच मागे जाते, आणि ती सुरू होते नांगरापासून.

१९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल स्टेशनाजवळ, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असं तेव्हा शेतकरी म्हणायचे. ते नांगर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्यांत एक होते भाऊराव पाटील. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं, एकच पंगत. स्वयंपाक, झाडलोट, शेतातली कामं मुलंच करायची. फी भरायची ती घामाने. तरीही कोठीत धान्य नसे, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. (साताऱ्यात ही गोष्ट अजून घरोघरी सांगतात.) १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेले. रयतने १९४७ मध्ये साताऱ्यात काढलेल्या शिवाजी कॉलेजातही ‘कमवा आणि शिका’ हाच रिवाज राहिला. कारागीर घडवणं हा तिथला हेतू नव्हता, पण शिकणाऱ्याचं पोट हा शिक्षणाचाच भाग मानला होता.

१९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय आल्या. फिटर ट्रेडला आलेला पोरगा सुरुवातीला नुसती कानस चालवतो. लोखंडाचा तुकडा घासायचा, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घास. दोन वर्षांत हात बसतो. शिक्षण पक्कं, पण कमाई त्यातून निघून गेली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने ती विद्यावेतनाच्या रूपाने परत आणली, तीही कारखान्यात जागा मिळाली तर. २०१६ पासून या वेतनाचा काही वाटा केंद्र सरकार उचलतं.

मधल्या काळात दोन-तीन महिन्यांचे कोर्स फोफावले. एवढ्यात कानस धरायची सवयही नीट लागत नाही, असं माझं मत. आणि माण-खटावच्या दुष्काळी गावातून आलेल्या पोराचा प्रवेशाच्या दिवशीचा प्रश्न ट्रेडचा नसतोच. तो विचारतो, “सर, राहायची सोय कुठं हाय?”