मृतांसाठीच्या मराठी उपाधी

गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावायच्या उपाधी मराठीत बऱ्याच आहेत आणि एकीच्या जागी दुसरी सहसा चालत नाही. सर्वांत रूढ 'कैलासवासी', म्हणजे कै. मराठेशाहीच्या कागदांत शिवाजी महाराजांचा उल्लेख 'थोरले कैलासवासी स्वामी' असा येतो. आज शाळा, वाचनालये आणि स्मृतिचषकांच्या नावांत ही उपाधी गावोगाव दिसते. तिची मुदत मात्र आठवणीपुरती असते. माणूस इतिहासात जमा झाला की कै. गळून पडते; ज्ञानेश्वरांना ती कोणी लावत नाही.

वारकऱ्यांत 'वैकुंठवासी' (वै.) म्हणतात. हयातीत ह.भ.प. असलेले कीर्तनकार पुढे 'वै. ह.भ.प.' होतात. संतांसाठी मरणाचा शब्दच टाळला जातो: ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला संजीवन समाधी घेतली, तुकोबांचे वैकुंठगमन झाले. महानुभावांच्या श्रद्धेनुसार चक्रधर उत्तरापंथे गेले. संन्यासी ब्रह्मीभूत होतो, लिंगायत लिंगैक्य. मुसलमानांसाठी 'पैगंबरवासी' किंवा 'मरहूम', ख्रिस्ती माणसासाठी 'ख्रिस्तवासी'.

14 ऑक्टोबर 1956 च्या नागपुरातील धम्मदीक्षेनंतर बौद्ध समाजाने कैलास-वैकुंठाचे शब्द बाजूला ठेवले आणि 'कालकथित' रूढ झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 6 डिसेंबरच्या मृत्यूला, बुद्धांप्रमाणेच, 'महापरिनिर्वाण' म्हणतात. अशा घरातल्या माणसाला सवयीने कै. लावणे म्हणजे त्याने विचारपूर्वक सोडलेली श्रद्धा मेल्यावर त्याच्यावर लादणे होय. छापण्याआधी घरच्यांना विचारावे, हेच योग्य. स्वर्ग न मानणारे 'दिवंगत' किंवा 'स्मृतिशेष' पसंत करतात.

क्रियापदे निराळी. घरात 'गेले' किंवा 'वारले', जुन्या पत्रांत 'देवाज्ञा झाली', निधनवार्तेत 'अनंतात विलीन', दवाखान्याच्या व्हरांड्यात 'ऑफ झाले'. 'मेला' हा शब्द परक्या माणसाबद्दल काढला तर उद्धट वाटतो. पानिपतच्या 1761 च्या संहाराची बातमी सांकेतिक भाषेत आल्याचे परंपरा सांगते: दोन मोती गळाले. ते मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ.

नवऱ्याच्या मृत्यूने बायकोचीही उपाधी बदलत असे. सौ. जाऊन 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी, येई. पुरुषाला मात्र विधुर झाल्याची अशी कोणतीच खूण नव्हती. आता निमंत्रणपत्रिकांत 'गं. भा.'ऐवजी 'श्रीमती' छापण्याकडे कल आहे.