‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ का तोंडात येतं?

मीटिंगमध्ये कोणी ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री विथ यू’ म्हणालं की दुसरं कोणीतरी गालातल्या गालात हसतं. हसणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं, की इंग्रजी शिकणारे स्पॅनिश आणि फ्रेंच लोकही नेमके इथेच घसरतात. स्पॅनिशमधलं ‘एस्तॉय दे आकुएर्दो’, फ्रेंचमधलं ‘जे स्वी दाकॉर’ आणि आपलं ‘मी सहमत आहे’ ही वाक्यं एकाच साच्यातली. तिन्हींत क्रियापद ‘असणं’ हेच. इंग्रजीत मात्र ‘अ‍ॅग्री’ स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘अ‍ॅम’चा टेकू लागत नाही.

शिकणाऱ्याच्या चुकांमागे नियम असतात, तो डोक्यात भाषा कशी रचतोय ते त्या दाखवतात, असं पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली मांडलं. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या अधल्यामधल्या भाषेला ‘इंटरलँग्वेज’ असं नावच दिलं. ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ हा तिचा उत्तम नमुना: शब्द इंग्रजी, सांगाडा मराठी.

दुसरी गोम अशी की ‘अ‍ॅग्री’ दोन कामं करतं. तत्त्वज्ञ झेनो वेंडलर यांनी १९५७ मध्ये क्रियापदांची काळाच्या अंगाने वर्गवारी केली. काही क्रियापदं स्थिती सांगतात, काही क्रिया, काही एका क्षणी घडून जाणारी घटना. ‘आय अ‍ॅग्री विथ यू’ ही स्थिती, म्हणून भारतीय इंग्रजीतलं ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्रीइंग’ इंग्रजांच्या कानाला खटकतं. पण तीन तास घासाघीस करून दोघे किमतीवर ‘अ‍ॅग्री’ झाले, तर ती घटना. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत: सहमत असणं निराळं आणि कबूल करणं, तयार होणं, होकार देणं निराळं.

खरी गंमत आहे ती ‘पटणे’ या क्रियापदात. मुद्दा पटला, अडचण पटली, म्हणणं पटलं. बोलणारी बाई असो की पुरुष, क्रियापद तिच्या-त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते जुळतं मुद्द्याच्या लिंगाशी. (या जुळण्यालाही इंग्रजी व्याकरणात ‘अ‍ॅग्रीमेंट’च म्हणतात!) ज्याला पटलं तो वाक्यात ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो. भाषाशास्त्रात त्याला अनुभवक म्हणतात. पटणं आपण करत नाही, ते आपल्याला होतं, अशी ही मांडणी.

इंग्रजी ‘अ‍ॅग्री’चा जन्मही असाच. फ्रेंच ‘आग्रेए’वरून तो आला, मुळाशी लॅटिन ‘ग्रातुस’, म्हणजे सुखावणारं. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या कवितेतला प्रेमात पोळलेला ट्रॉयलस म्हणतो, ‘इफ हार्म अ‍ॅग्री मी’, म्हणजे ‘ही पीडाच जर मला रुचत असेल’, तर मग मी कण्हतो कशाला? इथे कर्ता पीडा आहे, आणि इंग्रजी ‘मी’ (me) म्हणजे आपलं ‘मला’. ‘लाइक’चंही तेच. ‘आय लाइक’च्या आधी ‘मी लाइकेथ’ होतं, शब्दशः ‘मला आवडतं’. पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झिजले, वाक्यात आधी येणारं नाम तेच कर्ता असं ऐकू येऊ लागलं, आणि ‘मला’च्या जागी ‘आय’ आला, असं एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. ‘अ‍ॅग्री’तही माणूसच पुढे कर्त्याच्या जागी बसला. जुन्या मांडणीची आठवण करून देणारा एक प्रयोग आजही रोजच्या बोलण्यात आहे: ‘मिल्क डझन्ट अ‍ॅग्री विथ मी.’ आपण म्हणतो, दूध मला मानवत नाही.

‘विथ’, ‘ऑन’, ‘टू’ ही शेपटं शाळेत घोकून घेतात. ब्रिटिश वर्तमानपत्रं तर ‘अ‍ॅग्रीड अ डील’ लिहून शेपूटच उडवतात, अमेरिकी वाचकाला ते चुकीचं वाटतं. आपल्याला मात्र घोकंपट्टीपेक्षा मराठी जास्त कामाला येते. ‘अ‍ॅग्री विथ’ म्हणजे पटणं, ‘अ‍ॅग्री टू’ म्हणजे कबूल होणं. सोसायटीच्या सभेत मेंटेनन्स वाढवायचा ठराव येतो, तेव्हा एखादे काका उठून म्हणतात, ‘मला हे पटलेलं नाही, पण सगळ्यांसाठी मान्य करतो.’ इंग्रजीत याचं सरळ ‘आय डोन्ट अ‍ॅग्री विथ इट, बट आय अ‍ॅग्री टू इट’ होतं, आणि त्यात विसंगती अजिबात नाही.