वाढीचा दुसरा झपाटा

मूल जन्मल्यापासून मोठं होईपर्यंतच्या वाढीची सर्वांत जुनी सलग नोंद एका बापाने ठेवलेली आहे. फ्रान्समधल्या गेनो द मोंबेयार या गृहस्थाने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी घेतली आणि १७७७ पर्यंत नेटाने लिहून ठेवली. बुफाँ या निसर्ग-अभ्यासकाने ते आकडे आपल्या ग्रंथात छापले. पुढे त्यांचा आलेख काढला गेला तेव्हा दिसलं की वाढीचा वेग जन्मापासून उतरत जातो आणि किशोरवयात एकाएकी पुन्हा उसळी घेतो. हाच वाढीचा दुसरा झपाटा.

ही उसळी शास्त्रीय पद्धतीने उलगडली ती विसाव्या शतकात. जेम्स टॅनर यांनी इंग्लंडमधल्या हार्पेंडन इथल्या बालगृहातली मुलं दोन दशकांहून अधिक काळ मोजली. त्यातून वयात येण्याचे पाच टप्पे ठरले. आजही बालरोगतज्ज्ञ त्यांना टॅनर स्टेजच म्हणतात. बदलांचा क्रम बहुतेक मुलांत सारखा असतो, पण सुरुवातीचं वय मात्र मुलागणिक वेगळं. मुलींत साधारण ८ ते १३ आणि मुलांत ९ ते १४ या वयात केव्हाही सुरुवात झाली तरी ते निकोपच. त्यामुळे 'शेजारचा बघ कसा ताडमाड झाला' हे वाक्य घरात बोलूच नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे या वयाचा इतिहास फार क्लेशाचा आहे. मुलगी शहाणी झाली की मखरात बसवायची आणि सासरी धाडायची, ही एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक मराठी घरांची रीत. १८९० मध्ये बंगालमधली फुलमणी दासी ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे दगावली. पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा आला आणि ज्या वयाखालच्या मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंध हा गुन्हा ठरे ती मर्यादा १० वरून १२ वर गेली. पुण्यात त्यावरून रान पेटलं. टिळक विरोधात उभे राहिले, आगरकर बाजूने. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं आणि १९७८ मध्ये ते १८ झालं. हा इतिहास आपण हक्कांचा म्हणून शिकतो. तो हाडामांसाचाही आहे. ज्या वर्षांत हाडं सर्वांत झपाट्याने भरतात, त्याच वर्षांत त्या मुलींवर गरोदरपण यायचं, आणि जेवायला त्या सगळ्यांच्या शेवटी बसायच्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारचं लक्ष लहान बाळांकडे गेलं, आणि ते योग्यच होतं. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाडीत वजनकाटा आला. पण तिथली नोंद सहा वर्षांपर्यंतची. त्यानंतर पोरगं शाळेत गेलं की त्याची उंची मोजणारं नेमाने कोणी उरत नाही, आणि दुसरा झपाटा नेमका याच काळात येतो. ही उणीव आजही घरालाच भरून काढावी लागते.

मोजलं तरी ताडून कशाशी पाहायचं, हाही प्रश्न होताच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात गोळा केलेली मापं बहुतांशी गरीब घरांतल्या मुलांची होती. म्हणजे अर्धपोटी वाढलेल्या मुलांवरून ठरलेलं माप. पुढे सुस्थितीतल्या मुलांची मापं घेतली गेली. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा वाटा मोठा आहे. २०१५ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वयासाठी सुधारित तक्ते काढले. त्यासाठी चौदा शहरांतल्या ३३,१४८ मुलामुलींची मापं वापरली गेली. आज बालरोगतज्ज्ञांकडे हा तक्ता मिळतो. मुलाच्या उंचीचा ठिपका त्यावर मांडून मागायला पालकांनी अजिबात संकोचू नये.

रक्ताची बाब याहून निकडीची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय (ॲनिमिया) आढळला, आणि याच वयाच्या मुलग्यांतही ३१ टक्के. त्याआधीच, २०१२ पासून, शाळांतून आठवड्याला लोहाची एक गोळी देण्याचा कार्यक्रम आखला गेला होता. ती निळी गोळी पुष्कळदा दप्तरातच राहते. 'मळमळतं गं आई' म्हटलं की आईही म्हणते, 'मग नको घेऊस.' खरं तर मळमळ होते ती बहुधा उपाशीपोटी घेतल्याने. डबा खाल्ल्यावर घ्यावी, वर लगेच चहा पिऊ नये, शौचाला काळं झालं तर घाबरू नये. एवढं घरी नीट समजावलं तरी गोळी पोटात जाते.

सर्वांत जास्त घोळ मात्र पाळी आणि उंची यांच्या नात्याबद्दल आहे. पाळी आली की आता मुलगी वाढेल, असं कित्येक घरांत समजतात. प्रत्यक्षात उंचीचा वेग पाळीच्या आधीच शिगेला पोचलेला असतो. पाळी आल्यानंतर साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच भर पडते. म्हणजे दूध, डाळी, अंडी, नाचणीची भाकरी यांकडे खरं लक्ष द्यायचं ते नवव्या-दहाव्या वर्षापासून. १३ ते १५ वयात रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. हाडं भरायला ऊन आणि उड्या मारण्याचे खेळही हवेत. पाळी आली म्हणून मुलीचं मैदान बंद करणं हे या वयातलं मोठं नुकसान आहे. मुलग्यांचा झपाटा सरासरी दोन वर्षं उशिरा येतो, म्हणून आठवीतला मुलगा वर्गातल्या मुलींपुढे बुटका दिसला की लगेच उंची वाढवणाऱ्या पावडरीचे डबे आणू नयेत.

मोजायचं कसं? अनवाणी, केस सोडून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काटकोनात धरून खूण करायची आणि आकडा वहीत लिहायचा. दर सहा महिन्यांनी आणि दिवसाच्या एकाच वेळी, कारण सकाळी उंची किंचित जास्त भरते. मुलीत आठच्या आधी किंवा मुलात नऊच्या आधी वयात येण्याची चिन्हं दिसली, तेरा-चौदापर्यंत काहीच बदल नसला, किंवा वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढ झाली नाही (ज्यांची वाढ पुरी होत आली आहे ती मुलं सोडून), तर वहीतले आकडे घेऊन डॉक्टरांकडे जावं. लवकर वयात आलेलं मूल आधी उंच दिसतं, पण त्याच्या हाडांची वाढ लवकर थांबते, म्हणून तिथे वाट पाहत बसू नये.