राजकीय मानसशास्त्रातील ग्रंथ पुरस्कार : पात्रता, नामनिर्देशन आणि कागदपत्रे

राजकीय मानसशास्त्रातील उत्कृष्ट ग्रंथासाठी दोन प्रतिष्ठेचे पुरस्कार दिले जातात. अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनच्या राजकीय मानसशास्त्र विभागाचा रॉबर्ट ई. लेन पुरस्कार हा एक, तर 1978मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल सोसायटी ऑफ पोलिटिकल सायकॉलॉजीचा अलेक्झांडर जॉर्ज पुरस्कार हा दुसरा.

दोन्ही ठिकाणी आदल्या वर्षी प्रकाशित झालेल्या ग्रंथांचा विचार होतो, आणि पात्रतेतला सर्वाधिक घोळ याच अटीवर होतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाजारात येणाऱ्या ग्रंथावर अनेक प्रकाशक पुढच्या वर्षाचे स्वामित्वहक्क वर्ष छापतात. त्यामुळे ग्रंथ नेमका कोणत्या वर्षात गणला जाईल, हे नामनिर्देशनासाठी निघणाऱ्या आवाहनातील शब्दरचनेशी ताडून पाहावे आणि शंका राहिल्यास पुरस्कार समितीच्या अध्यक्षांना मुदतीपूर्वीच लेखी विचारावे, कारण चुकीच्या वर्षी पाठवलेला उत्तम ग्रंथही विचाराबाहेर राहू शकतो.

दुसरी कसोटी विषयाची आहे. निवडणुकीचे निव्वळ वर्णन किंवा नेत्याचे चरित्र एवढ्याने ग्रंथ या क्षेत्रात बसत नाही. श्रद्धा, भावना, अस्मिता, आकलन यांसारख्या मानसिक प्रक्रियांमधून राजकीय वर्तनाचा उलगडा त्यात व्हायला हवा. ज्यांच्या नावाने हे पुरस्कार आहेत, त्यांचे कामच याचा उत्तम दाखला आहे. येल विद्यापीठातील लेन यांनी केवळ 15 सामान्य पुरुषांच्या प्रदीर्घ मुलाखतींमधून त्यांच्या राजकीय विचारांची घडण तपासली आणि 1962मध्ये ती ग्रंथरूपात मांडली. जॉर्ज यांनी पत्नी ज्युलिएट यांच्यासह अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या वुड्रो विल्सन यांच्या व्यक्तिमत्त्वाचा त्यांच्या राजकीय निर्णयांशी असलेला संबंध 1956च्या ग्रंथात शोधला.

कागदपत्रे मोजकीच लागतात : नामनिर्देशनाचे पत्र, ग्रंथाचा प्रकाशन तपशील आणि समिती सदस्यांसाठी छापील अथवा पीडीएफ प्रती. माझ्या मते यांतले पत्र सर्वांत मन लावून लिहावे. अनेक ग्रंथ वाचायला घेतलेल्या परीक्षकाला या ग्रंथाचा मध्यवर्ती सिद्धान्त कोणता, पुरावा कोणत्या पद्धतीने गोळा केला आणि आधीच्या संशोधनात त्याने कोणती भर घातली, हे त्यातून थेट कळावे. स्तुतीची विशेषणे त्या कामी येत नाहीत.

नामनिर्देशन कोणी करायचे, सदस्यत्व आवश्यक आहे का, संपादित ग्रंथ चालतात का आणि प्रती कोणत्या स्वरूपात हव्यात, यांसाठी त्या वर्षीचे आवाहनच प्रमाण मानावे. समितीचे सदस्य बदलत असल्याने जुन्या पत्त्यांवर प्रती पाठवू नयेत. भारतातून छापील प्रती पाठवायच्या असल्यास टपालाचा वेळ धरून प्रकाशकाला आधीच कळवावे आणि प्रती पोहोचल्याची खातरजमा मुदत संपण्यापूर्वी करावी.